सव्वादोन हजारांची पाटी

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ हा हातसंगणक विद्यार्थ्यांच्या हाती ठेवला, तेव्हा जगभर बोलबाला झाला तो त्याच्या किमतीचा. सरकारला तो सुमारे २,२५० रुपयांस पडला होता. हैदराबादेत जुळणी झालेल्या या सात इंची पाटीला कळफलक नव्हता; सारा व्यवहार बोटानेच करावयाचा, आणि नेमके तेथेच घोडे पेंड खाऊ लागले.

किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी जो स्पर्शपडदा निवडला होता, त्याचे दोन पातळ थर दाबाने एकमेकांस टेकल्यावाचून यंत्राला स्पर्श कळत नसे. महागड्या पडद्यास बोटाच्या विद्युतप्रभावाने नुसता स्पर्शही पुरतो. येथे मात्र बोट रेटावे लागे. त्यात प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा आणि स्मृती अवघी २५६ मेगाबाइट! किमतीच्या आकड्याची भूल कोणासही पडावी. परंतु वापरणाऱ्याच्या धीराचा रकाना निविदेत नव्हता.

पुढे या कामाची धुरा पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ बाहेर पडला. त्याचा प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा, स्मृती दुप्पट, आणि पडदा हलक्या स्पर्शालाही दाद देणारा. नवल असे, की किंमत २,२६३ रुपये, म्हणजे जवळजवळ पहिलीच. विद्यार्थ्याने द्यावयाचे त्यातले निम्मेच, १,१३० रुपये.