एकेरी लोहमार्ग आणि गणिताची मर्यादा

धाराशिव जिल्ह्यांतील येडशी, तडवळें, ढोकी या गांवांवरून एके काळीं बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी जात असे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्यानें उभारलेला हा अडीच फुटी मार्ग १८९७ सालीं बार्शीपर्यंत सुरू झाला व १९११ मध्यें लातुरास पोंचला. १९५४ सालीं तो सरकारनें विकत घेतला. पुढें त्याचे रूळ रुंद झाले.

मार्ग एकेरी असला म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांनीं स्थानकांतच एकमेकींस वाट द्यावयाची. टक्कर टाळण्याचा प्रसिद्ध उपाय टोकनाचा: दोन स्थानकांमधील टप्प्याचें टोकन ज्या चालकाच्या हातीं, त्यानेंच पुढें जावें. परंतु टक्कर टळली म्हणजे वाहतूक चालूच राहील, असें नव्हे. लगतच्या दोन्ही स्थानकांतील सर्व रूळ भरले आणि प्रत्येक गाडीस पलीकडच्याच स्थानकांत जावयाचें असलें, तर नियम तंतोतंत पाळूनही सगळ्या गाड्या जागच्या जागीं खिळतात.

असा खोळंबा कधीं ओढवेल काय, हें आधीं सांगतां येईल का? कार्ल आडाम पेट्री या जर्मन गणितज्ञानें १९६२ च्या प्रबंधांत समकालीन क्रियांच्या शास्त्राचा पाया घातला. त्यांतून निघालेल्या ‘पेट्री-जालां’त टोकनेंच एका घरांतून दुसऱ्या घरांत सरकतात. वीस घरें, प्रत्येक रिकामें वा भरलेलें, एवढ्यानेंच १०,४८,५७६ स्थिति संभवतात. एक घर वाढलें कीं संख्या दुप्पट!

घरांत कितीही टोकनें मावत असतील, तर स्थितींना अंतच नाहीं. तरीही अमुक स्थिति गांठतां येईल कीं नाहीं, याचा निर्णय निश्चित लागतो, हें एर्न्स्ट मायर यांनीं १९८१ सालीं व एस. राव कोसराजू यांनीं १९८२ सालीं दाखविलें. पण श्रम किती? २०२१ सालीं सिद्ध झालें कीं, ते अॅकरमनच्या फलनाप्रमाणें वाढतात. घातांकांचे ठरावीक मजले कितीही रचले, तरी तें फलन त्यांना मागें टाकतें.

निर्णय शक्य असणें आणि तो हातीं येणें, या दोहोंत एवढें अंतर आहे. आज एकाच वेळीं हजारों कामें करणाऱ्या संगणकांपुढें हाच प्रश्न उभा आहे. म्हणून सुज्ञ रचनाकार सर्व यंत्रणांना लागू पडेल अशा उत्तराचा हव्यास धरीत नाहीं. ज्यांची तपासणी आवाक्यांत राहील, असेच नियम तो मुळांत रचतो.