गॅस संपत नाही, गळतो

पहाटे करंज्याच्या मच्छीमार धक्क्यावर गेलात, तर दोन तऱ्हांचा गारवा शेजारी शेजारी दिसतो. एकीकडे बर्फाच्या लाद्या फोडून त्यांचा चुरा होड्यांच्या खणात भरला जात असतो. दुसरीकडे मासळी न्यायला आलेल्या टेम्पोंमध्ये एखादी शीतपेटीची गाडी उभी असते. परवा अशाच एका गाडीच्या इंजिनावर विशीतला एक मुलगा वाकला होता. हातात निळ्या आणि लाल तबकडीचे गेज. मी विचारलं, "गॅस भरतोयस का?"

"नाही चाचा, आधी गळती शोधतोय. गॅस संपत नाही, गळतो."

हेच वाक्य मी तीस वर्षांपूर्वी पनवेलच्या एका गॅरेजात पहिल्या दिवशी ऐकलं होतं. बीए झालो होतो, नोकरी नव्हती, कविता होत्या. मामांच्या ओळखीनं गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादांकडे शिकाऊ म्हणून लागलो. तिथं दोन वर्षं काढली. कारागीर झालो नाही, पण चाकांवरच्या या गारव्याचा इतिहास तेव्हापासून डोक्यात बसला. तो आपल्या किनाऱ्यापासून फार दूरचाही नाही.

जुन्या गॅझेटियरात उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा आहे आणि उरणच्या बेटालाच करंजा म्हटलेलं आहे. समोर मुंबई बंदर. एकोणिसाव्या शतकात या देशात थंडी बंदरांतूनच आली, आणि तीही अमेरिकेहून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं १८३३ साली ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कलकत्त्याला धाडला. निघताना सुमारे १८० टन होता, चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभरेक टन उरला. तरी धंदा फायद्यात गेला! पुढे मुंबईच्या कोटातही या बर्फासाठी बर्फघर उभं राहिलं.

गाडीत गारवा आला तोही बर्फावर बसूनच. मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ साली वातानुकूलित डबा जोडला गेला. त्या डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवत आणि पंख्यानं ती गार हवा आत सोडत. वाटेतल्या ठरलेल्या स्टेशनांवर नव्या लाद्या भरायच्या. म्हणजे करंज्याची होडी आणि साहेबाचा डबा, दोघांची विद्या एकच.

मोटारीत यंत्र बसवलं अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं, १९३९ साली, पुढच्या वर्षीच्या मॉडेलसाठी. निम्मं यंत्र डिकीत. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. थंडी कायमची बंद करायची तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. त्याच सुमारास फ्रेडरिक जोन्स नावाच्या कृष्णवर्णीय मेकॅनिकनं मालट्रकवर बसेल असं शीतयंत्र बनवलं. लहानपणीच पोरका झालेला, शाळा लवकर सुटलेला, गॅरेजात झाडलोट करत शिकलेला हा माणूस. आज भाजी, मासळी, औषधं, लस जगभर ज्या शीतगाड्यांतून फिरतात, त्यांच्या मुळाशी त्याचं काम आहे. १९९१ साली अमेरिकेनं त्याला तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक दिलं. तेव्हा त्याला जाऊन तीस वर्षं झाली होती.

आमचे उस्तादही शाळा सुटलेलेच. त्यांनी जोन्सचं नाव ऐकलं नव्हतं, पण शिकवण त्याच जातीची. मला ते ‘बीए’ म्हणूनच हाक मारत. "बीए, एसी थंडी बनवत नाही. आतली गरमी उचलून बाहेर टाकतो. हमाल आहे तो." पुस्तकात चार पानं लागतात ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. इंजिनाच्या पट्ट्यावर कॉम्प्रेसर फिरतो आणि गॅस दाबतो. दाबलेला गॅस तापतो. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत तो आपली उष्णता वाऱ्याला देतो आणि द्रव होतो. मग बारीक छिद्रातून सुटताना एकदम गार पडतो आणि कूलिंग कॉइलमध्ये गाडीतली उष्णता शोषून पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. चक्र बंद आहे. म्हणून गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला, तर कुठंतरी गळती आहे.

हीटरचं काम आमच्या कोकणात जवळजवळ नसेच. तो इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो. पण उस्तादांनी त्याचाही उपयोग दाखवला. बोरघाट चढताना इंजिन तापलं तर एसी बंद कर आणि हीटर पूर्ण सोड. तुला घाम फुटेल, पण इंजिन वाचेल.

गळती शोधायला त्यांच्याकडे एक छोटा दिवा होता. त्याची रबरी नळी जोडांजवळून फिरवायची. नळीतून गॅस ओढला गेला की निळसर ज्योत हिरवी व्हायची. अंधाऱ्या गॅरेजात ती हिरवी होताना बघणं मला कवितेसारखं वाटे. उस्ताद मात्र दार उघडं ठेवायला लावत, कारण जळलेल्या गॅसचा धूर विषारी.

आता कबुली. गळती सापडली की जोड खोलायच्या आधी यंत्रात उरलेला गॅस बाहेर सोडावा लागे. तो आम्ही सरळ हवेत सोडायचो. फुस्स आवाज व्हायचा, पांढरी वाफ दिसायची आणि काम सुरू. दोन वर्षांत किती गाड्यांचा गॅस मी असा सोडला, याचा हिशेब नाही. रंग नाही, वास नाही, माणसाला बाधत नाही. सुटला तर काय बिघडलं?

हा गॅस म्हणजे आर-१२. १९२८ साली थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या सीएफसी कुटुंबातला. त्याआधीचे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड हे वायू गळले तर माणसं मरत. त्यांच्या तुलनेत हा देवदूतच. पण १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हा वायू वर जाऊन फुटतो आणि त्यातला क्लोरिनचा एकेक अणू ओझोनचे लाखभर रेणू नष्ट करू शकतो. १९८५ साली अंटार्क्टिकावर ओझोनचा थर विरळ झाल्याचं प्रसिद्ध झालं. १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. ज्या वर्षी देशानं सही केली, त्याच वर्षी मी पनवेलमध्ये गॅस हवेत सोडायला शिकत होतो. कुणी अडवलं नाही. सांगायलाच कुणी आलं नाही.

मग नवा गॅस आला, आर-१३४ए. त्याचं तेल वेगळं, रबरी वायसर वेगळे, जोडण्याची तोंडंही मुद्दाम वेगळी. सगळ्यात मोठा बदल म्हणजे त्यात क्लोरिन नाही. त्यामुळे ओझोनला धोका नाही, आणि उस्तादांच्या दिव्याची ज्योतही हिरवी होत नाही! गॅरेज सोडल्यावर एकदा भेटायला गेलो, तर ते दिवा पुसत बसले होते. म्हणाले, "बीए, माझा दिवा आंधळा झाला." पंचवीस वर्षांची विद्या एका बाटलीनं जुनी केली होती. त्या काळात कित्येक कारागिरांनी नव्या गाडीत जुनं तेल घातलं, कॉम्प्रेसर जाम केले आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या. चूक हाताची नव्हती. हाताला बातमी पोचली नव्हती.

२००३ च्या जानेवारीपासून नव्या गाड्यांच्या एसीत सीएफसी वापरायला देशात बंदी आली. साधारण २००४ पासून सरकारनं परदेशी संस्थांच्या मदतीनं मेकॅनिकांसाठी प्रशिक्षण शिबिरं सुरू केली: गॅस सोडू नका, यंत्रानं ओढून बाटलीत भरा, शुद्ध करून पुन्हा वापरा. ऑगस्ट २००८ मध्ये देशातलं सीएफसीचं उत्पादन थांबलं. ओझोनचा थर हळूहळू सावरतो आहे, हे या शतकातल्या मोजक्या चांगल्या बातम्यांपैकी एक. तिच्यात करारावर सह्या करणाऱ्यांइतकाच पाना धरणाऱ्यांचा वाटा आहे.

पण गोष्ट इथं संपत नाही. ओझोनला निर्दोष असलेला आर-१३४ए पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरकस निघाला. २०१६ साली किगाली इथं असे वायू कमी करण्याचं ठरलं. भारतानं २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली आणि आपली कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. मोटारींसाठी पुढचा गॅस थोडा ज्वालाग्राहीही आहे. म्हणजे पुन्हा नवी हत्यारं, नवी शिकवण आणि पुन्हा कुणाचा तरी दिवा आंधळा होणार.

आमच्या या पट्ट्यात हा प्रश्न पोटाचा आहे. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. त्यासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि मिठागरं गेली. आज तिथून शीत कंटेनर द्राक्षं, आंबे, मासळी घेऊन जातात. ज्यांच्या आजोबांनी मीठ पिकवलं, त्यांच्या नातवांना ही यंत्रं दुरुस्त करता आली, तर गेलेल्या जमिनीचं थोडं तरी वसूल होईल.

धक्क्यावरच्या त्या मुलानं आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स केला आहे. मी विचारलं, "जोड खोलताना गॅस ओढून घेतोस ना?" तो ओशाळला. "यंत्र संस्थेत होतं, चाचा. आमच्या गॅरेजात नाही. मालक म्हणतो, परवडत नाही." मी गप्प बसलो. त्याला बोल लावायचा हक्क मला नव्हता. पण तो जे करतो त्याचा परिणाम त्याला ठाऊक आहे, मला नव्हता, हा फरक लहान नाही. आता मालकाला ते यंत्र परवडेल कसं, हे बघणं आपलं काम. निदान गॅरेजवाला "गॅस भरून देतो" म्हणाला, तर "आधी गळती कुठं आहे ते सांगा" एवढं तरी आपण विचारू शकतो.

बोलता बोलता त्यानं खिशातून साबणाच्या पाण्याची बाटली काढली आणि एका जोडावर ओतली. जुना गॅस असो वा नवा, साबणाला सगळे सारखेच. क्षणभरानं तिथं एक बुडबुडा फुगू लागला. "सापडली," तो म्हणाला आणि पाना घ्यायला वळला.