‘एकच’ सिगारेट आणि हृदय

“दिवसाला एकच तर ओढतो,” असे समर्थन आपण अनेकदा ऐकतो. फुप्फुसांच्या कर्करोगाचा धोका सिगारेटींच्या संख्येनुसार व व्यसनाच्या वर्षांनुसार वाढत जातो, हे खरेच. हृदयाचा हिशेब मात्र निराळा आहे. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली १४१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. रोज २० सिगारेटी ओढल्याने हृदयविकाराचा जितका धोका वाढतो, त्याच्या सुमारे ४० ते ५० टक्के धोका रोजच्या एकाच सिगारेटने वाढतो, असे त्यात आढळले.

याचे कारण धुरातच आहे. त्यातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची वाट अडवितो. निकोटिनमुळे ठोके व रक्तदाब वाढतात. रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती बळावते. यासाठी फार धूर लागत नाही. म्हणूनच घरात इतरांचा धूर श्वासावाटे घेणाऱ्या, स्वतः कधीही न ओढणाऱ्या पत्नीलाही हृदयविकाराचा धोका सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी अधिक असतो. खिडकीशी उभे राहून ओढण्याने, आमच्या मते, केवळ मनाचे समाधान होते.

वीसावरून पाचावर आलेल्यांचे आम्ही कौतुकच करू. पण हृदयाला खरा दिलासा मिळतो तो सिगारेट पूर्ण सुटल्यावर. वर्षभरात हा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, सुमारे निम्म्यावर येतो.