पाच बंदुका, आठ लक्ष्यं

म्युनिक ऑलिम्पिकमधली नेमबाजी २ सप्टेंबर १९७२ रोजी संपली. पन्नास मीटर प्रोन प्रकारात उत्तर कोरियाच्या री हो-जुननं ६०० पैकी ५९९ गुण मिळवून विश्वविक्रम केला होता. पोटावर झोपून साठ गोळ्या, त्यातली फक्त एक दहाच्या वर्तुळाबाहेर. याच प्रकारात इस्रायलचे हेन्री हर्शकोविट्स आणि झेलिग श्टोर्च उतरले होते. हर्शकोविट्सनं उद्घाटनाला आपल्या देशाचा ध्वज धरला होता. दोघांचे प्रशिक्षक केहात शोर, मूळचे रुमानियाचे, वय ५३. पदक मिळालं नाही. पण स्पर्धा संपल्यामुळे तिघंही मोकळे होते.

तीन दिवसांनी शोर ओलीस होते. त्यांच्यासह नऊ जणांना सोडवण्यासाठी बव्हेरियाच्या पोलिसांनी पाच जण निवडले. ते सुट्टीच्या दिवशी स्पर्धेत नेम धरतात, हा निवडीचा निकष होता.

त्याआधी तीन आठवडे, १४ ऑगस्ट. बैरुतमधल्या पश्चिम जर्मन दूतावासाला खबऱ्याकडून कळलं की ऑलिम्पिकदरम्यान पॅलेस्टिनी गट काहीतरी घडवणार आहे. चार दिवसांनी परराष्ट्र खात्यानं हा इशारा बव्हेरियाच्या गुप्तचर यंत्रणेकडे पाठवला. बंदोबस्त मात्र होता तसाच राहिला.

इशारा एवढा एकच नव्हता. पोलिसांचे मानसशास्त्रज्ञ गेऑर्ग झीबर यांनी स्पर्धेपूर्वी संभाव्य हल्ल्यांचे २६ आराखडे लिहून दिले होते. त्यातल्या एकविसाव्यात पहाटे पाच वाजता डझनभर सशस्त्र पॅलेस्टिनी कुंपण ओलांडतात, इस्रायली खेळाडूंच्या इमारतीत शिरतात, एक-दोघांना मारतात आणि कैद्यांची सुटका व विमान मागतात. आयोजकांना १९३६ च्या बर्लिनमधल्या नाझी ऑलिम्पिकची आठवण पुसायची होती. गणवेश आणि बंदुका दिसू नयेत म्हणून क्रीडाग्रामात फिकट निळ्या पोशाखातले निःशस्त्र रक्षक ठेवले गेले. कुंपण जेमतेम दोन मीटर उंच होतं.

४ सप्टेंबर, रात्र. इस्रायली पथक शहरात ‘फिडलर ऑन द रूफ’ बघून परतलं. पथकप्रमुख श्मुएल लाल्किन यांच्या तेरा वर्षांच्या मुलाला फ्लॅट क्रमांक ३ मध्ये वेटलिफ्टरांबरोबर झोपायचं होतं. वडिलांनी नाही म्हटलं.

५ सप्टेंबर, पहाटे ४.१०. ट्रॅकसूट घातलेले, खांद्यावर पिशव्या घेतलेले आठ जण गेट २५ अ जवळच्या कुंपणावर चढले. रात्री उशिरा परतणारे खेळाडू तिथूनच चढून जात, म्हणून कुणाला शंका आली नाही. काही टपाल कर्मचाऱ्यांनी त्यांना पाहिलं. किती जण चढले, हे मोजता येण्याची ही पहिली संधी.

सुमारे ४.३०. कोनोलीश्ट्रासे ३१, फ्लॅट क्रमांक १. कुस्तीचे पंच योसेफ गुटफ्रॉइंड दाराशी खरखर ऐकून उठले. फटीतून बंदुकीच्या नळ्या दिसताच ओरडून त्यांनी सगळा भार दारावर टाकला. मिळालेल्या काही सेकंदांत तुविया सोकोलोव्स्की खिडकीतून निसटले. शोर याच फ्लॅटमध्ये होते.

कुस्ती प्रशिक्षक मोशे वाइनबर्ग यांच्या गालात गोळी लागली. बाकीचे इस्रायली कुठे आहेत ते दाखव, म्हणून हल्लेखोरांनी त्यांना पुढे घातलं. वाइनबर्ग त्यांना फ्लॅट २ ओलांडून ३ कडे घेऊन गेले. तिथे मल्ल आणि वेटलिफ्टर होते. धिप्पाड माणसं प्रतिकार करतील असा त्यांचा हिशेब असावा. पण ती झोपेत सापडली. तरी मल्ल गाद त्सोबारी पळाला. वाइनबर्ग आणि वेटलिफ्टर योसेफ रोमानो झटापटीत मारले गेले.

वगळलेल्या फ्लॅट २ मध्ये चालण्याच्या शर्यतीतले शाऊल लदानी, दोन तलवारबाज आणि शोर यांचे दोन्ही नेमबाज होते. श्टोर्चजवळ स्पर्धेची पॉइंट टू-टू रायफल होती. खिडकीतून हल्लेखोर जवळच दिसत होता. गोळी झाडली तर एक पडेल, मग आत असलेल्यांचं काय होईल? रायफल झाडली गेली नाही. हा विचार त्या दिवशी बंदूक हाती असलेल्या फार थोड्यांनी केला. फ्लॅटमधले सगळे मागच्या बाजूनं बाहेर पडून वाचले.

सकाळ. मागणीचे कागद बाहेर आले: इस्रायलच्या तुरुंगातले २३४ कैदी आणि पश्चिम जर्मनीच्या कैदेतले डावे अतिरेकी बाडर व माइनहोफ सोडा. मुदत ९ वाजेपर्यंत. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मायर यांनी नकार दिला. पोलिसप्रमुख मान्फ्रेड श्रायबर यांनी हवी ती रक्कम देऊ केली. ती घेतली गेली नाही. मुदत १२ वर गेली, मग १, ३, ५. तोवर इतर मैदानांवर खेळ चालू होते. ते थांबवायला दुपारचे जवळपास चार वाजले.

दुपारी ४.३० च्या सुमारास. ट्रॅकसूट घातलेले ३८ पोलिस इमारतीच्या छतावर चढले. हवेच्या झडपांतून आत शिरायचा बेत होता. समोर कॅमेरे होते आणि खोल्यांमध्ये दूरचित्रवाणी संच. वीज तोडलेली नव्हती. हल्लेखोरांनी छतावरचे पोलिस पडद्यावर पाहिले आणि धमकी दिली. पोलिस खाली उतरले.

सुमारे ५. हल्लेखोरांनी आता कैरोला जाण्यासाठी विमान मागितलं. ओलीस जिवंत आहेत का, ते बघायचं ठरलं. केहात शोर आणि तलवारबाजीचे प्रशिक्षक आंद्रे श्पिट्झर यांना खिडकीत आणलं गेलं. मग गृहमंत्री हान्स-डिट्रिश गेन्शर आणि क्रीडाग्रामाचे महापौर वाल्टर ट्र्योगर यांना थोडा वेळ आत जाऊ दिलं. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, हल्लेखोर चार किंवा पाच.

मृत्यूच्या खोलीत उभं राहून कुणी नीट मोजू शकलं नसतं. त्यांना दोष देता येणार नाही. दोष आहे तो या अंदाजावर सगळी आखणी उभी करण्याचा. पाच हल्लेखोर, म्हणून पाच नेमबाज. एका लक्ष्यासाठी किमान दोन बंदुका हव्यात. एक चुकली तर दुसरी असते. इथे आकडा खरा निघाला असता, तरी पाचही जणांचा पहिलाच नेम अचूक लागणं भाग होतं.

रात्री १०.१०. ओलीस आणि हल्लेखोर इमारतीतून बाहेर पडून बसमध्ये बसले आणि विमानापर्यंत नेणाऱ्या हेलिकॉप्टरांकडे निघाले. आता मोजणं सोपं होतं. हल्लेखोर आठ होते. हा आकडा फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या हवाई तळावर दबा धरून बसलेल्या नेमबाजांपर्यंत पोचला नाही.

तीन नियंत्रण मनोऱ्यावर, दोन जमिनीवर. हातात जी-३ रायफली, त्यांना दुर्बीण नाही, रात्री दिसण्याचं साधन नाही. एकमेकांशी बोलायला वायरलेस नाही. हेल्मेट नाही, चिलखत नाही. स्पर्धेतल्या नेमबाजाला अंतर ठाऊक असतं, प्रकाश पुरेसा असतो, लक्ष्य जागेवर स्थिर असतं आणि ते उलट गोळी झाडत नाही. आपण निशाणबाज नाही, असं या पाचांतल्या एकानं पुढे तपासात सांगितलं. ही गोष्ट निवड करणाऱ्यांना आधी कळायला हवी होती.

१०.३० च्या आसपास. धावपट्टीवर बोइंग ७२७ उभं होतं. विमान कर्मचाऱ्यांच्या वेशात आत लपलेल्या पोलिसांनी विमान बघायला येणाऱ्यांना पकडायचं होतं. हेलिकॉप्टर दिसू लागली, तेव्हा त्यांनी आपसात मतं घेतली आणि ते उतरून गेले. वरिष्ठांना विचारलं नाही.

हेलिकॉप्टर ठरल्या जागी, ठरल्या दिशेनं उतरली नाहीत. जमिनीवरचा एक नेमबाज आपल्याच साथीदारांच्या गोळ्यांच्या वाटेत आला. त्याला सांगायची सोय नव्हती.

दोघा हल्लेखोरांनी विमान पाहिलं. आत कुणीच नव्हतं. ते धावत परत फिरले.

सुमारे ११. गोळीबाराचा हुकूम सुटला. पहिल्या फैरीत जे व्हायचं ते झालं नाही. वाचलेल्या हल्लेखोरांनी तळावरचे दिवे फोडले. मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेले पोलिस अँटोन फ्लीगरबाउअर मारले गेले. ओलीस हेलिकॉप्टरच्या आसनांना बांधलेले होते.

चिलखती गाड्या आधी मागवून ठेवलेल्या नव्हत्या. आता मागवल्या, तर त्या वाहतुकीत अडकल्या. तळाकडे बघ्यांच्या मोटारींची रीघ लागली होती. या तासाभरात आतल्या नऊ जणांपर्यंत कुणी पोचलं नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास, गाड्या येत असताना, सरकारी प्रवक्ते कॉनराड आलर्स यांनी मोहीम यशस्वी झाल्याचं सांगितलं. ओलीस सुटल्याची बातमी जगभर गेली. इस्रायलमध्ये घराघरांत आनंद झाला.

१२.०४. एका हल्लेखोरानं एका हेलिकॉप्टरमध्ये गोळ्या झाडल्या आणि हातबॉम्ब टाकला. दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये शोर, श्पिट्झर, गुटफ्रॉइंड, धावपटूंचे प्रशिक्षक अमित्सुर शापिरा आणि अठरा वर्षांचा मल्ल मार्क स्लाविन होते. स्लाविनची पहिली ऑलिम्पिक कुस्ती आदल्या दिवशी व्हायची होती. पाचही जण गोळ्यांनी मारले गेले.

पहाटे ३ नंतर. नऊपैकी एकही वाचला नसल्याचं जाहीर झालं. आदल्या पहाटेचे दोन मृत्यू धरून अकरा. आठपैकी पाच हल्लेखोर मेले, तीन जिवंत सापडले.

सप्टेंबर संपायच्या आत पश्चिम जर्मनीनं जीएसजी-९ हे खास पथक उभारायचं ठरवलं. पकडलेल्या तिघांवरचा खटला मात्र उभा राहिला नाही. २९ ऑक्टोबरला लुफ्तान्साचं विमान पळवलं गेलं आणि त्याच दिवशी तिघांना सोडून देण्यात आलं.