सुटलेल्या पोटाचा जमाखर्च

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर (जुने नाशिककर याला अजून गोल्फ क्लब मैदानच म्हणतात) पहाटे गेलो, तर चालणाऱ्यांची रांग लागलेली दिसते. कोणाला साखर आहे, कोणाला रक्तदाब, कोणाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेले. याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायकाही पहाटेच उठून चालू लागतात, पण डोक्यावर हंडे घेऊन. शहरातल्या माणसाला चालण्यासाठी वेळ काढावा लागतो, पाड्यावरच्या बाईला चालण्यातून सुटका हवी असते.

वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. एक जास्त खाण्याचा, दुसरा कमी मिळण्याचा. पाठ्यपुस्तकातही ते वेगवेगळ्या धड्यांत येतात. पण लठ्ठपणाचा इतिहास थोडा मागे जाऊन चाळला, तर हे दोन्ही एकाच वहीतले जमाखर्च आहेत असे दिसते. ती वही आज उघडून पाहू.

खात्यापित्या घरचा

आपल्या भाषेकडेच पाहा. मूल 'बाळसे धरते', सासरी गेलेली मुलगी 'अंगाने भरते', गृहस्थ 'खात्यापित्या घरचा' दिसतो. बारीक माणसाला मात्र 'वाळला', 'खंगला' असे शब्द. चरबीविषयी एवढी आपुलकी भाषेत का आली असावी?

महाराष्ट्राने १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे मोठे दुष्काळ एकाच पिढीत पाहिले. चरबी ही शरीराची कणगी. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. एवढ्यावर एखाद्या माणसाचे तीन-चार दिवस निघू शकतात. ज्या समाजाला पुढच्या पावसाची खात्री नव्हती, त्याला सुटलेले पोट हे सुबत्तेचे लक्षण वाटले तर नवल नाही. अगदी १९७२ च्या दुष्काळातही आपल्याकडे लाखो माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती आणि सुकडीवर दिवस काढत होती. आजच्या शाळकरी मुलांच्या आजी-आजोबांनी हे स्वतः पाहिलेले आहे.

त्या काळी शरीर कमावणे हा सर्वांचा विषय नव्हता. तो पैलवानांचा, शिपायांचा आणि हौशी लोकांचा. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात येतो, पण आजच्या मल्लखांबाची परंपरा सांगितली जाते ती दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांपासून. ते आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या कोठुऱ्याचे. पुढे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आधी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला, मग ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. बैठ्या, शिकलेल्या वर्गाचे शरीर बिघडते आहे, ही काळजी यामागे होती. नांगर धरणाऱ्याला किंवा जात्यावर दळणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम सांगण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती, कारण त्यांचा दिवसच व्यायामाचा होता.

खर्च पहिल्यांदा कोणी मोजला?

जाडी मोजण्याचे जे सूत्र आज सगळीकडे वापरले जाते, ते डॉक्टरने शोधलेले नाही. अॅडॉल्फ केटले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या निरीक्षणांना लावायचे संख्याशास्त्र त्याने माणसांना लावले. १८३२ मध्ये त्याने दाखवले, की प्रौढ माणसांची वजने साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. म्हणजे वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले, की उंच-बुटक्यांची तुलना करता येते. ५६ किलो वजन आणि १.६० मीटर उंची असेल तर ५६ ÷ २.५६, म्हणजे सुमारे २१.९. केटलेला 'सरासरी माणूस' कसा असतो हे पाहायचे होते, लठ्ठपणा नव्हे.

लठ्ठपणाचा हिशेब प्रथम मांडला तो विमा कंपन्यांनी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या कंपन्यांच्या लक्षात आले, की जाड विमाधारक लवकर मरतात आणि कंपनीला पैसे आधी मोजावे लागतात. तेव्हा उंची-वजनाचे तक्ते आले. १९७२ मध्ये अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केटलेचे सूत्र तपासून त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. आपण त्याला देहवस्तुमान निर्देशांक म्हणू.

ड्रायव्हरची पँट

या इतिहासातले सर्वांत बोलके पान लंडनच्या बसचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांचा अभ्यास हाती घेतला. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून असतो, कंडक्टर दिवसभर जिना चढतो-उतरतो. दोघांची वस्ती, पगार, जेवण साधारण सारखे. सुमारे ३१,००० माणसांच्या नोंदी पाहून १९५३ मध्ये मॉरिस यांनी प्रसिद्ध केले, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, उशिरा होतो आणि झाला तरी तो कमी जीवघेणा असतो.

पण शंका उरतेच: मुळात जाड माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांनी ती टाळली नाही. १९५६ मध्ये त्यांनी चक्क गणवेशाच्या नोंदी काढल्या. ड्रायव्हरांच्या पँटींचा कमरेचा घेर खरोखरच मोठा होता. तरीही सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर यांची तुलना केली, तेव्हा फरक शिल्लक राहिलाच. म्हणजे जाडीचा तोटा एक आणि बसून राहण्याचा तोटा दुसरा. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, शिंप्याच्या मापाच्या वहीतून हे शास्त्र उभे राहिले. विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी गोष्ट आहे.

नाशिक बसले कधी?

आता आपल्या गावाकडे येऊ. पंचवटीतून रविवार कारंजापर्यंत चढ चढून जाणारे, घाटांच्या पायऱ्यांवर वावरणारे नाशिक पायी चालणाऱ्यांचे गाव होते. नाशिक रोडला १९२५ मध्ये सरकारी छापखाना आला, १९६४ मध्ये ओझरला विमान कारखाना आला, मग सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आल्या. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पंधरा लाखांच्या जवळ पोचली होती. अंतरे वाढली. पायी जाणारा सायकलवर आला, सायकलवाला स्कूटरवर.

याचा शरीरावर होणारा परिणाम आकड्यांत असा: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,४७० किलोकॅलरी लागतात, बैठे काम करणाऱ्याला २,११०. फरक १,३६० चा, म्हणजे मध्यम आकाराच्या सात-आठ भाकरींचा. शेतातून खुर्चीत आलेल्या माणसाची सात-आठ भाकरींची गरज संपली, पण भूक, सवय आणि आग्रह लगेच कमी झाले नाहीत.

त्याच सुमारास ताटही बदलले. १९५०-५१ च्या आसपास देशात दरडोई खाद्यतेल वर्षाला तीन किलोच्या घरात मिळे. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, तेल स्वस्त झाले, आणि आज हा आकडा अठरा-एकोणीस किलोपर्यंत गेला आहे. रोजचे पन्नास ग्रॅम तेल म्हणजे साडेचारशे किलोकॅलरी. तळण एकेकाळी सणासुदीला होई. आता फरसाण, वेफर्स, बिस्किटे कोपऱ्यावरच्या टपरीत रोज मिळतात आणि ती फळांपेक्षा स्वस्त पडतात. मिसळीवर प्रेम करणाऱ्या गावात आम्ही मिसळीला नावे ठेवणार नाही. मटकीची उसळ हे उत्तम अन्न आहे. प्रश्न वरच्या तर्रीचा, शेवेचा आणि त्यानंतर खुर्चीत बसण्याचा आहे.

पुण्याजवळची सहा गावे

इथपर्यंतची कथा कोणत्याही देशाची म्हणता येईल. पण आपल्या कथेत एक वेगळे वळण आहे, आणि ते महाराष्ट्रातच उलगडले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडे पडले होते. पाश्चात्त्य पुस्तकांप्रमाणे मधुमेह जाड आणि वयस्कर माणसांचा, पण त्यांच्याकडे येणारे रुग्ण तरुण आणि पुष्कळदा बारीकच असत. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा गर्भारपणाच्या आधीपासून अभ्यास सुरू केला. या स्त्रिया लहानखुऱ्या होत्या, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून मेदाळ असे हे बाळ.

२००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन यांनी स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांत २१.२ टक्के! केटलेच्या सूत्राला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, हे यातून लख्ख दिसले. म्हणूनच पाश्चात्त्यांसाठी २५ ही जादा वजनाची सीमा असली, तरी आपल्यासाठी ती २३ धरावी आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, अशी शिफारस भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये केली.

याच सहा गावांच्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी आढळल्या. ज्या आयांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध होते त्यांची बाळे अधिक चांगल्या वाढीची होती. आणि ज्यांना गर्भारपणात शेतीची व पाणी वाहण्याची कष्टाची कामे करावी लागली त्यांची बाळे लहान होती. म्हणजे पाड्यावरची हंडे वाहणारी बाई आणि मैदानावर साखर उतरवायला चालणारा माणूस यांच्यात नाते आहे. कमी पोषणात वाढलेला गर्भ पुढे शहरातल्या तेला-साखरेच्या आणि बैठ्या आयुष्यात गेला, तर त्याला मधुमेहाचा धोका अधिक. कुपोषणाचे देणे पुढच्या पिढीत लठ्ठपणाच्या खात्यावर निघते.

बिल कोण भरतो?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे होते. त्याच पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

याचा पैशातला हिशेब आठ देशांसाठी २०२१ मध्ये मांडला गेला. त्यानुसार जादा वजन आणि लठ्ठपणामुळे २०१९ या वर्षी भारताचे झालेले नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.८ टक्के, म्हणजे दरडोई १७ डॉलर, त्या वेळचे सुमारे बाराशे रुपये होते. यात औषधपाणी आले, तसेच बुडालेले कामाचे दिवस आणि अकाली मृत्यूही आले.

पण सरासरी फसवी असते. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के २०२१-२२ मध्ये लोकांनी थेट खिशातून केला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजना मोठ्या उपचारांना हात देतात, पण मधुमेहाचा खरा खर्च रोजच्या गोळीचा, दर महिन्याच्या तपासणीचा आणि बुडालेल्या रोजाचा असतो. पगारी माणूस आजारपणाची रजा टाकतो. मजुराचा तो दिवस कोराच जातो. घरातल्या कर्त्याचे मूत्रपिंड निकामी झाले आणि आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जावे लागले, की सोबत जाणाऱ्याचेही काम सुटते. अशा घरात पहिली काटछाट पुष्कळदा मुलीच्या शिक्षणात होते. हे नुकसान कोणत्याच टक्केवारीत येत नाही.

आणि एक किंमत तर वर्गातच मोजली जाते. जाड मुलाला 'ढोल्या' म्हणून चिडवले, की ते खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसते, आणि बसले की आणखी जाड होते. दोष त्याचा कितीसा? ताट, रस्ता, मैदान आणि आजीचे गर्भारपण यांतले काहीच त्याने निवडलेले नसते.

वर्गासाठी

म्हणून मुलांची वजने वर्गात मोठ्याने वाचू नयेत. त्याऐवजी गावाची मापे घ्यावीत. आजी-आजोबा शाळेत कसे जात, किती चालत, दिवसाला किती पाणी वाहत, तळण केव्हा होई, हे मुलांनी विचारून लिहून आणावे आणि आजच्या दिवसाशी ताडून पाहावे. दुसरे, शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत काय काय विकले जाते याचा नकाशा काढावा. जादा मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ एवढ्या अंतरात विकू नयेत असा नियम २०२० पासून आहे. तो पाळला जातो का, हे मुलांनाच शोधू द्यावे. तिसरे, आठवड्यात खेळाचे किती तास खरोखर मैदानावर झाले आणि किती गणिताने घेतले, याची नोंद फळ्यावर ठेवावी.

यातली शेवटची नोंद आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, थोडी अडचणीची ठरेल. पण मॉरिस यांनी ड्रायव्हरांच्या पँटी मोजल्या, तशी आपलीही मापे कोणीतरी घ्यायला हवीतच.