सव्वा मूठ गहू आणि लेव्हीचा कागद : खान्देशातील घरची आघाडी

दुसऱ्या महायुद्धात खान्देशावर एकही बॉम्ब पडला नाही. त्यामुळे आपल्या स्थानिक इतिहासात १९३९ ते १९४५ हा काळ येतो तो बेचाळीसच्या आंदोलनापुरता. युद्ध मात्र दूर कुठेतरी, ब्रह्मदेशात किंवा आफ्रिकेच्या वाळवंटात चाललेले. मित्रहो, आजच्या थ्रेडमध्ये हे युद्ध जिथे खरोखर पोहोचले होते तिथे, म्हणजे चूल, कणगी, कंदील आणि दागिन्यांची पेटी येथे पाहू.

आधी थोडा भूगोल. त्या काळी जळगाव हे पूर्व खान्देशाचे आणि धुळे हे पश्चिम खान्देशाचे मुख्य ठिकाण होते. नंदुरबार पश्चिम खान्देशातच मोडत असे. धुळ्यात पांझरेच्या दक्षिणेस पेठ, उत्तरेस देवपूर. भोवती काळी जमीन, त्या जमिनीत कापूस, आणि ताटात ज्वारी-बाजरी.

पहिला धक्का कापसाला बसला. आखूड धाग्याच्या कापसाचे जपान हे मोठे गिऱ्हाईक होते. १९४१ मध्ये ते शत्रुपक्षात गेले आणि गिऱ्हाईक तुटले. पुढे सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम काढली, आणि १९४४ मध्ये मुंबई इलाख्यात अन्नधान्याच्या लागवडीसाठी कायदाच झाला. शेतात काय पेरावे, हा घरातल्या कर्त्याने चैत्र-वैशाखात ठरवण्याचा प्रश्न. त्यात प्रथमच सरकार येऊन बसले.

दुसरा धक्का पेटीला. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली, एक रुपयाची कागदी नोट निघाली, आणि १९४१ मध्ये व्हिक्टोरियाचा 'राणीछाप' रुपया व्यवहारातून बाद ठरला. सोन्याचांदीच्या पेढ्यांसाठी नावाजलेल्या जळगावच्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ग्रामीण बाईच्या लेखी रुपया ही नाण्याच्या रूपातली चांदी होती. गाडग्यात पुरलेली, गळ्यातल्या माळेत ओवलेली, नवऱ्याला न सांगता साठवलेली. ती बाजारात नाणे म्हणून चालेनाशी झाली, तरी सोनाराच्या तराजूत तिचे वजन तेच राहिले. कागदाच्या नोटेवर लोकांचा विश्वास लवकर का बसला नाही, हे येथे कळते. सुट्या पैशांचीही चणचण झाली. धातू वाचवण्यासाठी १९४३ पासून मध्ये भोक असलेला पैसा निघाला. 'भोकाचा पैसा' म्हणून तो पुढील पिढीच्याही आठवणीत राहिला.

कापड आणि घासलेट यांविषयी थोडक्यात. अमळनेर, धुळे, जळगाव, चाळीसगाव या गिरण्यांच्या गावांत कापड विणले जात होते, तरी ते घरात येईनासे झाले. १९४३ च्या मध्यापर्यंत कापडाचे भाव युद्धापूर्वीच्या चौपट-पाचपट झाले. तेव्हा सरकारने नियंत्रण आणले आणि कापडावर किंमत छापणे सक्तीचे केले. ब्रह्मदेश पडताच तिथून येणारे घासलेट थांबले, आणि दिवेलागणीनंतरची कामे उजेडात उरकण्याची घाई सुरू झाली.

आता धान्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. मुंबई शहरात मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले आणि पुढे इलाख्यातील इतर शहरांत पसरले. शहराला पुरवायचे धान्य खेड्यांतून 'लेव्ही' म्हणून गोळा होई. कुटुंबाच्या खाण्यापुरते आणि बियाण्याचे धान्य सोडून उरलेले सरकारजमा, असा त्याचा सर्वसाधारण हिशेब. वाचायला सोपा वाटतो. पण कुटुंब म्हणजे कोण? सालदाराला मजुरीचा काही भाग धान्यातच द्यायचा असे, तो यात धरायचा का? माहेरी येऊन राहिलेली विधवा बहीण? बलुतेदारांचा वाटा? आखाजीला लेकी पोराबाळांसह महिनाभर येतात, त्यांचे काय? एकत्र कुटुंबातील म्हातारी कणगीकडे पाहून अंदाजाने जे चालवत होती, ते कागदावर माणशी मांडताना कुठेतरी माणूस गळतच असे.

माणशी धान्य मोजण्याची रीत खान्देशाला नवी नव्हती, हे मात्र लक्षात घ्यावे. श्रावणात कानबाईचे रोट होतात. अनेक घरांत कुटुंबातील एकेका पुरुषाचे नाव घेऊन सव्वा मूठ गहू वेगळे काढतात आणि त्याचे रोट भाऊबंदांतच संपवतात. ही एक प्रकारची घरगुती शिरगणतीच होय. कोण आपला, कोण बाहेरचा, हे धान्याच्या मुठीने ठरते. त्या गणतीत बायका नाहीत. उलट शहरातील रेशनकार्डावर प्रौढ बाईचा मूळ शिधा प्रौढ पुरुषाइतकाच होता. (अंगमेहनतीच्या कामगारांना जादा मिळे, ती गोष्ट निराळी.) 'युद्धात सरकारने घरात हात घातला' असे आपण तक्रारीच्या सुरात लिहितो. ती तक्रार खोटी नाही. परंतु ज्या घरात सून सर्वांत शेवटी, उरलेल्यावर जेवत होती, तिथे तिच्या नावाचा पूर्ण शिधा कागदावर तरी लिहिला गेला. तो तिच्या ताटात पडला का, हे अर्थात शिधावाटप अधिकारी पाहू शकत नव्हता.

याच काटकसरीच्या घराकडे दुसऱ्या बाजूनेही मागणे आले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. उत्तमराव आणि लीलाताई पाटील यांच्यासारखी माणसे भूमिगत चळवळीत होती. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. या घटनांची तारीखवार यादी आपणा सर्वांना पाठ असते. पण भूमिगत म्हणजे जमिनीखाली नव्हे, कुणाच्या तरी घरात. तिथे रात्री-अपरात्री भाकरी थापावी लागते, आणि लेव्ही गेल्यानंतर उरलेल्या पिठातूनच थापावी लागते. पाहुणा कोण, हे शेजारणीला कळू न देता. माझ्या मते खान्देशातील घरची आघाडी दुहेरी होती ती या अर्थाने. एकच कणगी साम्राज्याच्या युद्धालाही पुरवत होती आणि त्या साम्राज्याविरुद्धच्या लढ्यालाही. दोन्ही मागण्या ज्या हातांनी भागवल्या, ते हात एकच.

दप्तरात यातले काही सापडेल, काही नाही. घरातल्या पेटीत मात्र राणीछाप रुपया असण्याची शक्यता बरीच आहे. असेल तर तो जरूर निरखा. त्यावर १८६२ असेल तर एक गंमत : पुढची काही वर्षे पाडलेल्या नाण्यांवरही हेच वर्ष कायम ठेवले होते. मग कडेला पाहा. ओवण्यासाठी कडी जोडलेली दिसली, तर तुमच्या पणजीने त्याला केव्हाच चलनातून काढून दागिना केले होते.