पटावरचा खेळ विकत घेण्यापूर्वी

ॲन आर्बरच्या लांबलचक हिवाळ्यात पटावरचे खेळ घरोघरी बाहेर निघतात. मात्र एकदाच उघडून कपाटात गेलेली खोकीही अनेक घरांत सापडतात. दोष बहुधा खेळाचा नसतो; तो त्या घराला जुळणारा नसतो, इतकेच. म्हणून खरेदीपूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

खेळाडूंची संख्या : 'कॅटन' (१९९५) हा मूळ खेळ ३ ते ४ जणांसाठी आहे, दोघांच्याच घरात तो निरुपयोगी. 'अझुल' (२०१७) २ ते ४ जणांत खेळता येतो. कोणता खेळ किती जणांत अधिक रंगतो, याविषयी खेळाडूंनी दिलेला कौल 'बोर्डगेमगीक' या संकेतस्थळावर पाहता येतो.

अवघडपणा : याच संकेतस्थळावर प्रत्येक खेळाची क्लिष्टता १ ते ५ या श्रेणीत नोंदलेली असते. नवशिक्या कुटुंबाने २ च्या आसपास राहावे. ३ च्या पुढे नियम समजावण्यातच संध्याकाळ सरते.

भाषा : भारतातून आई-वडील राहायला येणार असतील, तर ही कसोटी सर्वांत महत्त्वाची. 'कोडनेम्स' (२०१५) हा खेळ शब्दांच्या अर्थच्छटांवर उभा आहे. त्याच्या इंग्रजी आवृत्तीत आजी-आजोबा नुसते प्रेक्षक होण्याची भीती असते. 'अझुल'च्या फरशांवर वाचण्यासारखे काहीच नसते. 'टिकिट टू राइड'मध्ये (२००४) एका रंगाचे पत्ते जमवायचे असतात. रमी येणाऱ्याला ते चटकन उमगते.

स्वभाव : हरल्यावर रुसणारी मुले असल्यास 'पॅन्डेमिक'सारखा (२००८) सहकारी खेळ पाहावा. त्यात सारे मिळून जिंकतात किंवा हरतात. मात्र एकच जाणकार सर्वांच्या चाली ठरवू लागला, तर इतरांचा रस संपतो.

आधी खेळून पाहणे : ॲन आर्बर डिस्ट्रिक्ट लायब्ररी पुस्तकांखेरीज दुर्बिणी, वाद्ये आणि खेळही घरी नेण्यास देते. 'बोर्ड गेम अरेना'वर अनेक खेळ विनामूल्य खेळता येतात. बहुतेक प्रकाशक नियमपुस्तिका आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. ती वाचताना कंटाळा आला, तर तोही एक निर्णयच समजावा.

पहिला डाव संपल्यावर घरातील सर्वांत धाकट्याने किंवा सर्वांत थोरल्याने "आणखी एक डाव होऊन जाऊ दे" असे म्हटले, तर खेळ खुशाल विकत घ्यावा.